इतवारीच्या रस्त्यांना तीन सिलिंडर पुरतात

२०२४च्या मे महिन्यात मारुतीची नवी स्विफ्ट आली, तेव्हा तिच्या गुणदोषांपेक्षा चर्चा एकाच आकड्याची झाली. आधीच्या गाडीत चार सिलिंडर होते, नवीत तीन. इंजिनाचं आकारमान दोन्हींचं ११९७ सीसी, पण ताकद सुमारे ९० अश्वशक्तीवरून ८२वर आली. एक सिलिंडर कमी करून ग्राहकाच्या पदरात कमी माल टाकला, अशी तक्रार अनेकांनी केली. नागपूरच्या इतवारीसारख्या बाजारात, जिथे सोन्याचांदीपासून मिरचीपर्यंत सगळं तोलूनमापून घेण्याची पिढ्यान्पिढ्यांची सवय आहे, तिथे हा सूर उमटला तर नवल नाही. तरीही मला वाटतं, हे माप चुकीचं आहे. शहरात फिरणाऱ्या लहान पेट्रोल गाडीसाठी तीन सिलिंडर हीच योग्य रचना आहे, आणि याचा पुरावा आपल्याच रस्त्यांवर चाळीस वर्षं पडून आहे.

तो पुरावा म्हणजे मारुती ८००. तिच्याआधी मध्यमवर्गाच्या मनातली गाडी होती मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी. तिचं चार सिलिंडरचं इंजिन १०८९ सीसीचं; सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर. डिसेंबर १९८३मध्ये आलेल्या मारुतीचं तीन सिलिंडरचं इंजिन ७९६ सीसीचं, व्यास ६८.५ मिलिमीटर. भागाकार करून पाहा: पद्मिनीचा एक सिलिंडर २७२ सीसीचा, मारुतीचा २६५चा. म्हणजे सिलिंडर जवळपास तोच, फक्त चारऐवजी तीन. ताकद मात्र दोन्हींची चाळीसच्या आसपास, आणि मारुती वजनाला सुमारे पाव टन हलकी. मारुतीचं इंजिन नव्या पिढीचं होतं, हे खरंच. सगळं श्रेय सिलिंडरच्या संख्येला देता येणार नाही. पण एक सिलिंडर कमी झाल्यानं इंजिन आखूड झालं, ते गिअरबॉक्ससकट पुढच्या चाकांच्या मध्ये आडवं बसवता आलं, आणि दीड मीटरहूनही कमी रुंदीच्या गाडीत चार माणसांना जागा मिळाली. १९८४ साली आलेल्या मारुती व्हॅनमध्ये, म्हणजे पुढे ओम्नी झालेल्या गाडीत, हेच इंजिन पुढच्या सीटखाली गेलं आणि मागचा सगळा भाग माणसांना किंवा मालाला मोकळा राहिला. इतवारीतल्या मस्कासाथ, तीन नल चौक, शहीद चौक या भागात हातगाड्या, ई-रिक्षा आणि मालाचे ऑटो यांच्यामधून वाट काढावी लागते. तिथे गाडीची प्रत्येक वीत मोलाची असते.

मारुती ८००चं हे इंजिन मुळात आपल्यासाठी बनलेलंच नव्हतं. जपानमध्ये लहान गाड्यांचा एक वेगळा वर्ग सरकारनं ठरवून दिला. लांबी, रुंदी आणि इंजिनाचं आकारमान मर्यादेत ठेवा, करात सवलत घ्या, असा तो व्यवहार. मर्यादा आधी ३६० सीसी होती, १९७६मध्ये ५५० झाली आणि १९९०पासून ६६० आहे. सुझुकीनं त्या ५५०च्या चौकटीत ५४३ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन बसवलं होतं. आपल्याकडे आलं ते त्याच घराण्यातलं थोरलं भावंड. जपानी कंपन्यांनी चार सिलिंडरचा मोह केलाच नाही असं मात्र नाही. १९९०च्या आसपास सुबारू, मित्सुबिशी, सुझुकी, दाइहात्सू या सगळ्यांनी ६६० सीसीत चार सिलिंडर बसवून पाहिले. चालायला ती इंजिनं मऊ होती. पण एकेका सिलिंडरच्या वाट्याला जेमतेम १६५ सीसी आले. सिलिंडर जितका लहान, तितका आतल्या वायूच्या मानानं भिंतींचा पृष्ठभाग जास्त. म्हणजे पेट्रोल जळून मिळालेल्या उष्णतेचा अधिक वाटा पिस्टन ढकलण्याआधीच भिंतींतून निसटतो. शिवाय पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह सगळे वाढतात, म्हणजे घर्षणही वाढतं. शेवटी सगळे तीनवर परतले. आज जपानच्या या वर्गातल्या पेट्रोल गाड्या तीन सिलिंडरच्याच असतात.

मग दोन का नाहीत? टाटांनी २००९मध्ये नॅनोत ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन दिलं, थरथर आवरायला आत वेगळा बॅलन्सर शाफ्टही घातला. नॅनो बंद पडण्याची कारणं अनेक होती, पण इंजिनाचा आवाज आणि कंप यांबद्दलची कुरकुर शेवटपर्यंत राहिली.

कंपाची तक्रार तीन सिलिंडरवरही आहे, आणि ती खोटी नाही. क्रँकशाफ्टचे तीन क्रँक एकमेकांपासून १२० अंशांवर असल्यानं पिस्टनच्या वरखाली होण्याची बलं एकमेकांना रद्द करतात. पण पहिला आणि तिसरा पिस्टन एकाच वेळी सारख्या उंचीवर नसल्यानं इंजिन सीसॉसारखं टोकांकडून डुलू पाहतं. त्यात सिग्नलवर ८५० फेऱ्यांनी चालू असताना चार सिलिंडर सेकंदाला सुमारे २८ वेळा पेट घेतात, तीन फक्त २१ वेळा. हे संथ ठोके सीटपर्यंत पोचतात. पण इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेलं असतं ते याच कारणासाठी. नागपूरच्या उन्हात वर्षानुवर्षं तापून ते रबर कडक होतं आणि थरथर वाढते. तेव्हा जुनी गाडी अचानक फार हलू लागली, तर सिलिंडरच्या संख्येला दोष देण्याआधी मेकॅनिककडून माउंटिंग तपासून घ्यावं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे, गाडीत चौघं, एसी चालू; अशा वेळी जुन्या ८००चा पिकअप गळून जायचा, हे मान्यच केलं पाहिजे. चाळीस अश्वशक्तीतून कॉम्प्रेसरनं आपला वाटा उचलला की उरायचं थोडंच. पण ती उणीव ताकदीची होती. आजचं ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन सुमारे ६७ अश्वशक्ती देतं, आणि एसीचा भार त्याला पेलतो. नव्या स्विफ्टचा कंपनीनं सांगितलेला ॲव्हरेजही मॅन्युअल गिअरमध्ये २२.३८वरून २४.८० किलोमीटरवर गेला आहे. ज्याला दर आठवड्याला समृद्धी महामार्गावरून भरल्या गाडीनं मुंबई गाठायची आहे, त्यानं मोठं इंजिन जरूर घ्यावं. त्याची गरज वेगळी आहे.

विजेवरच्या गाड्या आल्यानं हा वाद संपेल, असंही म्हणतात. इंजिनापुरता तो संपेलही. पण २०२२मध्ये जपानमध्ये आलेली निसानची साकुरा ही इलेक्ट्रिक गाडीसुद्धा त्याच लहान वर्गात बसते आणि फक्त २० किलोवॅट-तासांची बॅटरी घेऊन फिरते. शहरापुरत्या फिरण्याला शहरापुरती शक्ती, हा हिशेब तिथेही कायम आहे.

म्हणून नवी गाडी घेणाऱ्या नागपूरकरांना एक सुचवावंसं वाटतं. टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या वर्धा रोडवर घेऊ नका. दुपारी एसी लावून, घरच्या चौघांना बसवून गाडी इतवारीच्या गर्दीत न्या, सिग्नलवर थांबवा, अरुंद वळणावर वळवा. तिथे ती थरथर सोसवत असेल आणि पिकअप पुरत असेल, तर बॉनेटखाली किती सिलिंडर आहेत हे विचारूही नका.