पवनचक्कीखालचा सरडा

कवठे महांकाळ तालुक्यात ढालगावच्या माळावर पवनचक्क्या फिरतात. गुंतवणूकदाराच्या वहीत त्या ‘हरित’. वीज किती झाली, कार्बन किती वाचला, याचा हिशेब मीटरवरून लागतो. माळावरच्या जिवांचा लागत नाही.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर मात्र जिवांचा हिशेब लावला गेला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या पट्ट्यात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी दिसले. खाणारेच हटल्यावर गळ्याला पंखा असलेले सरडे वाढले. पण गर्दीतले हे सरडे अशक्त होते, नरांचे रंग फिके होते, रक्तातलं ताणाचं संप्रेरकही कमी होतं आणि माणूस पार जवळ येईपर्यंत ते पळत नसत. नुसती सरड्यांची संख्या मोजली असती, तर अहवालात चक्क ‘वाढ’ लागली असती!

उपग्रहाचीही तीच गत. सेंटिनेल-२ उपग्रहांची जोडी दर ५ दिवसांनी १० मीटर बारकाव्याने हिरवेपणा टिपते. म्हैसाळ सिंचन योजनेचं पाणी येऊन द्राक्षबागा वाढल्या, की नकाशा हिरवागार; चंडोल आणि धाविक या पाखरांचा उघडा माळ मात्र त्याच हिरव्याखाली जातो. म्हणून जमिनीवर ध्वनिमुद्रक आणि कॅमेरा सापळे लागतात. पाखरं ओळखणारा गावकरी तर लागतोच.

गुंतवणूकदाराच्या वहीत मात्र हे सक्तीने येत नाही. शेअर बाजाराची नियामक सेबी हिने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना ‘बीआरएसआर’ हा व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल सक्तीचा केला. पण त्यात जैवविविधतेवरील परिणामांचा तपशील ऐच्छिक रकान्यात मोडतो.