कॅन्सर रक्ताचा, मग डॉक्टर पोटातले जिवाणू का मोजतायत?

गोरेगाव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईची फिल्मसिटी येते. पण एक गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातही आहे.

समजा, या गोरेगावातल्या एखाद्या घरात ब्लड कॅन्सरचं निदान झालं आणि डॉक्टर म्हणाले, ‘बोन मॅरो ट्रान्सप्लांट करावं लागेल.’ मग पाचशेहून जास्त किलोमीटर लांब मुंबई गाठायची, तिथे काही महिने राहायचं, आणि त्या दिवसांत घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द असतो. काउंट.

‘काउंट किती आला?’ ‘कालच्यापेक्षा वाढला का?’

हा काउंट म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा. तो किती लवकर वर येतो, यावर पेशंटचा जीव अवलंबून असतो. आणि गेल्या काही वर्षांत संशोधकांच्या लक्षात आलंय की या काउंटचा संबंध आपल्या आतड्यातल्या जिवाणूंशी आहे.

आता तुम्ही म्हणाल, रक्त कुठं आणि आतडं कुठं? तेच समजून घेऊ.

सुरुवात आपल्याच मुंबईतून झाली

भारतातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये झालं. पेशंट होती ब्लड कॅन्सर झालेली नऊ वर्षांची मुलगी आणि बोन मॅरो दिला होता तिच्या भावानं. हे करून दाखवणारे डॉक्टर होते सुरेश अडवाणी. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ते व्हीलचेअरवर असतात. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये त्यांनी हे तंत्र शिकून घेतलं होतं. पुढे त्यांना पद्मश्री आणि पद्मभूषण मिळालं. टाटाचं ट्रान्सप्लांट युनिट नंतर नवी मुंबईत खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये गेलं.

ट्रान्सप्लांट म्हटलं की आपल्याला चिरफाड आठवते. पण पेशंटसाठी हे ऑपरेशन नसतंच. हिंगोलीकरांना हळदीच्या भाषेत सांगायचं तर आधी रान पूर्ण मोकळं करायचं आणि मग नवीन बेणं लावायचं.

जोरदार किमोथेरपी, कधी सोबत रेडिएशन देऊन पेशंटचा बिघडलेला मॅरो संपवतात. मग दात्याच्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, रक्ताच्या पिशवीसारख्या शिरेतून सोडतात. या पेशी आपली वाट आपण शोधत हाडांच्या पोकळीत जाऊन बसतात आणि तिथं नवीन रक्त तयार करू लागतात.

अडचण असते ती मधल्या काळात. जुनं रान संपलेलं असतं, नवीन उगवलेलं नसतं. संसर्गाशी सगळ्यात आधी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिल म्हणतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या हजारोंनी असतात. या काळात त्यांचा आकडा जवळजवळ शून्यावर येतो. तो सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिला की डॉक्टर म्हणतात, ग्राफ्ट लागला. याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोवर साधा संसर्गही जीवघेणा ठरू शकतो.

आधी वाटलं, सगळे जंतू मारून टाकू

म्हणूनच डॉक्टरांचा सुरुवातीचा विचार अगदी सरळ होता. पेशंटच्या आसपास आणि पोटातही जंतूच नकोत. १९७० च्या दशकात जंतुविरहित उंदरांवर प्रयोग झाले. ट्रान्सप्लांटनंतर दात्याच्या पेशी पेशंटच्याच शरीरावर हल्ला करतात, त्याला जीव्हीएचडी म्हणतात. या उंदरांमध्ये तो त्रास कमी दिसला. मग माणसांचंही आतडं अँटिबायोटिकनं साफ करायचे प्रयत्न झाले. पण माणसाचं आतडं पूर्ण जंतुमुक्त ठेवणं काही जमत नाही, आणि सगळ्यांवर सरसकट औषध मारलं की कामाचे जिवाणूही त्यात जातात.

या कामाच्या जिवाणूंची किंमत किती, ते २०२० साली आकड्यांत दिसलं. न्यूयॉर्क, अमेरिकेतलंच डरहॅम, जर्मनीतलं रेगेन्सबर्ग आणि जपानमधलं सापोरो अशा चार ठिकाणच्या १,३६२ पेशंटच्या विष्ठेचे ८,७६७ नमुने तपासले गेले. ट्रान्सप्लांटनंतर आतड्यात अनेक जातींचे जिवाणू टिकून होते, त्या पेशंटमध्ये मृत्यू कमी होते. न्यूयॉर्कच्या गटात विविधता जास्त असलेल्या ३५४ जणांपैकी १०४ दगावले, तर विविधता कमी असलेल्या ३५० जणांपैकी १३६.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमधल्या संशोधकांनी आणखी बारीक हिशोब मांडला. पेशंटचे रोजचे रक्ताचे रिपोर्ट आणि विष्ठेचे दहा हजारांहून जास्त नमुने त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. पोटात आज कोणते जिवाणू आहेत आणि उद्या काउंट किती बदलतो, हे त्यांना बघायचं होतं. फिकॅलीबॅक्टेरियम, रुमिनोकॉकस आणि अकरमॅन्सिया या जिवाणूंचं प्रमाण जास्त असेल, तर न्यूट्रोफिल जास्त वेगानं वाढताना दिसले.

पोटातले जिवाणू नेमकं करतात काय?

पहिलं काम राखणीचं. आपण खाल्लेला कोंडा, डाळी, भाज्या यातला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो हे जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचा पदार्थ बनतो. आतड्याच्या अस्तराचं हे मुख्य खाद्य. अस्तर धड राहिलं की आतले जंतू रक्तात घुसत नाहीत.

दुसरं काम निरोप्याचं. जिवाणूंचे अगदी बारीक अंश रक्तातून मॅरोपर्यंत पोचतात आणि ‘पेशी बनवत राहा’ असा इशारा देत राहतात.

तिसरं काम रसद पुरवायचं. २०१८ साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात अँटिबायोटिकनं जिवाणू मारले, तेव्हा उंदरांना अन्नातून ऊर्जा कमी मिळाली आणि ट्रान्सप्लांटनंतर रक्त तयार व्हायला उशीर झाला. त्यांना पाण्यातून साखर दिली, तर फरक पडला.

मग हे जिवाणू पेशंटला परत देता येतील का? न्यूयॉर्कमध्ये तेही करून बघितलं. ट्रान्सप्लांटच्या आधी पेशंटची विष्ठा साठवून ठेवली. २५ जणांपैकी १४ जणांना नंतर ती एनिमातून परत दिली. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण त्यांच्या आतड्यातली विविधता बऱ्यापैकी परत आली. पुढे हिशोब केला तेव्हा या लोकांच्या पांढऱ्या पेशीही जास्त दिसल्या. पण २५ हा आकडा छोटा आहे, त्यामुळे हा अजून पक्का उपचार नाही, आशा आहे.

मग दही खाऊन काउंट वाढेल?

नाही. व्हॉट्सॲपवर असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका.

दह्यातले किंवा प्रोबायोटिक कॅप्सूलमधले जिवाणू वेगळे आणि वर सांगितलेले वेगळे. शिवाय प्रतिकारशक्ती शून्यावर असताना चांगला समजला जाणारा जिवाणूसुद्धा रक्तात शिरून सेप्सिस करू शकतो. २०१९ साली अमेरिकेत दुसऱ्याच्या विष्ठेतले जिवाणू दिलेल्या दोन पेशंटना औषधांना न जुमानणाऱ्या ई. कोलायचा संसर्ग झाला. त्यातला एक दगावला, आणि त्याचं स्टेम सेल ट्रान्सप्लांट झालेलं होतं. त्यामुळे दही कधी सुरू करायचं, हे ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

आणि अँटिबायोटिक वाईट, असाही अर्थ काढू नका. काउंट शून्यावर असताना ताप आला, तर तेच औषध जीव वाचवतं. प्रश्न असतो कोणतं द्यायचं आणि किती दिवस द्यायचं याचा. आतड्यातले कामाचे जिवाणू कमीत कमी मरतील असं औषध निवडता येईल का, यावर आता जगभर काम चाललंय.

खरी परीक्षा गावाकडे परतल्यावर असते. न्यूट्रोफिल काही आठवड्यांत येतात, पण लिम्फोसाइट नावाच्या पेशी सावरायला अनेक महिने, कधी वर्षंही लागतात. लहानपणी घेतलेल्या लसीही पुन्हा घ्याव्या लागतात. अशात ताप आला आणि घरच्यांनी मेडिकलवरून ‘ताकदीची गोळी’ म्हणून अँटिबायोटिक आणून दिलं, तर दोन नुकसानं होतात. खरा आजार झाकला जातो आणि पोटात नुकतेच परतलेले जिवाणू पुन्हा मरतात.

त्यामुळे ट्रान्सप्लांट झालेलं माणूस घरात असेल, तर थर्मामीटर हाताशी ठेवा. ताप १००.४ च्या वर गेला की मेडिकलवर जायच्या आधी ट्रान्सप्लांट युनिटला फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. पाणी उकळलेलं, जेवण ताजं आणि पूर्ण शिजलेलं द्या. आणि पुढच्या तपासणीला जाल तेव्हा काउंटसोबत एक प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारा. पेशंटला आता डाळी, भाज्या, फळं कधीपासून आणि किती द्यायची? पोटातल्या जिवाणूंचं खाद्य तेच आहे.