अंगणवाडीचे दार बंद, जबाबदारी कोणाची?

कोरोनाची महासाथ ओसरून आता काही वर्षे लोटली. तोंडावरचे मास्क गेले, आणि त्या दिवसांत सामान्य माणसापुढे उभे राहिलेले प्रश्नही समाजाच्या विस्मरणात गेले. त्यातला एक प्रश्न मात्र आम्हाला अजून सोडत नाही. साथ चालू असताना तीन-चार वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत पाठवायचे की घरी ठेवायचे? शहरातल्या नर्सरीच्या पालकांनी या प्रश्नावर भरपूर चर्चा केली. फी परत मागितली, ऑनलाईन वर्गाबद्दल तक्रारी केल्या, वृत्तपत्रांनीही त्यांना रकानेच्या रकाने दिले. राळेगाव तालुक्यात कापूस वेचायला जाणाऱ्या बाईपुढेही हाच प्रश्न होता. तिला मात्र कोणी विचारले नाही.

चळवळीच्या कामानिमित्त राळेगावच्या परिसरातल्या वस्त्यांवर आमचे जाणे-येणे असते. त्या काळात विहारातल्या बैठकीत हा विषय निघाला की बायाबापड्यांत सरळ दोन तट पडत. एक म्हणे, "वकीलसाहेब, पोरगं धाडलं अन् रोग घेऊन आलं तं घरातली म्हातारी वाचन का?" दुसरी म्हणे, "अन् नाही धाडलं तं मजुरी कोण आणन? पोरगं उपाशी ठेवाव का?" दोघींचेही म्हणणे खरे होते. एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या घरात वेगळे राहणे म्हणजे काय, हे शासनाच्या कोणत्याही परिपत्रकाने सांगितले नाही. आणि मजुरी बुडाली तर चूल कशी पेटवायची, हेही सांगितले नाही.

भीती वाटली म्हणून काम सोडण्याची चैन मजुराला परवडत नाही. या तालुक्याने हे २०१८ सालीही पाहिले आहे. पांढरकवडा-राळेगाव भागात तेरा माणसांच्या मृत्यूला जबाबदार धरलेली वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी बोराटीच्या परिसरात मारली गेली. तोपर्यंत त्या भागातले मजूर जीव मुठीत धरूनच शेतात जात होते. कोरोनात वाघाच्या जागी विषाणू आला एवढेच.

आता शासनाने काय केले ते पाहू. मार्च २०२० मध्ये अंगणवाड्या बंद झाल्या. त्या वेळी रोगाबद्दल कोणालाच पुरेशी माहिती नव्हती. म्हणून तेव्हा दार लावले याबद्दल आम्ही दोष देत नाही. पण दारासोबत ताटही बंद झाले. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम ५ नुसार सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला अंगणवाडीमार्फत वयानुरूप मोफत आहार मिळण्याचा हक्क आहे. तीन ते सहा वर्षांच्या बालकासाठी या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत सकाळचा खाऊ आणि गरम शिजवलेले जेवण मिळून ५०० कॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने तेव्हा ठरवून दिली होती. ही कोणाची दया नव्हे. हा संसदेने केलेला कायदा आहे.

गरम जेवणाऐवजी घरपोच कोरडा शिधा आला. गहू, डाळ, हरभरा, तिखट, हळद, मीठ. काहीच न मिळण्यापेक्षा हे बरेच. पण ज्या घरात बापाचे काम बंद आहे, त्या घरात एका बालकाच्या नावाचा शिधा एका बालकाच्या पोटात जात नाही. तो सगळ्यांच्या भांड्यात पडतो आणि सहा जणांत वाटला जातो. अंगणवाडीत मूल स्वतःच्या ताटात जेवते. घरी त्याचा वाटा परिस्थिती ठरवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी, तर २५.६ टक्के बालके उंचीच्या मानाने कृश होती. अशा राज्यात मुलाचे एक ताट जाणे ही किरकोळ गोष्ट नाही.

दुसरे नुकसान कोणत्याही सर्वेक्षणाच्या डोळ्यांत सहज भरत नाही. अंगणवाडी बंद, शाळाही बंद, आई शेतात. मग लहानग्याला सांभाळले कोणी? घरातल्या दहा-अकरा वर्षांच्या बहिणीने. अंगणवाडी बंद झाली तेव्हा ती मुलगीच त्या घराची अंगणवाडी झाली. शाळेचे ऑनलाईन वर्ग सुरू झाले तेव्हा घरात मोबाईल असला तरी तो बापाच्या खिशात, आणि मूल हिच्या कडेवर. सावित्रीबाईंच्या लेकींचे शिक्षण असे गुपचूप सुटते. म्हणून आम्ही म्हणतो, अंगणवाडीचा प्रश्न फक्त सहा वर्षांखालच्या मुलांचा नाही. तो त्यांच्या बहिणीचा आणि आईच्या मजुरीचाही आहे.

अंगणवाड्या उघडाव्यात म्हणून एक याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. दीपिका जगतराम सहानी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात १३ जानेवारी २०२१ रोजी न्यायालयाने सांगितले की प्रतिबंधित क्षेत्राबाहेरच्या अंगणवाड्या उघडण्याचा निर्णय राज्यांनी ३१ जानेवारी २०२१ पर्यंत घ्यावा, आणि गरोदर व स्तनदा माता व बालकांना कायद्याप्रमाणे पोषण मिळेल याची काळजी घ्यावी. साथ आली म्हणून पोषणाची जबाबदारी संपत नाही, हाच त्या निकालाचा अर्थ.

योगायोग पाहा. ज्या ३१ जानेवारीची मुदत न्यायालयाने दिली, त्याच दिवशी आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी येथे पल्स पोलिओच्या मोहिमेत पाच वर्षांखालील बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हातावर लावायचे सॅनिटायझर पाजले गेले. बालके दवाखान्यात दाखल झाली. सुदैवाने ती वाचली. पण ही बातमी ऐकल्यावर राळेगावच्या आईने मुलाचा हात घट्ट धरला असेल, तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? सुशिक्षित पालक घाबरला तर तो 'जागरूक', आणि वस्तीतली आई घाबरली तर ती 'अंधश्रद्ध', हा न्याय आम्हाला मान्य नाही. तथागतांनी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासून पाहा, असे शिकवले. त्या आया तेच करीत होत्या. दिवसभर घरोघरी रुग्ण शोधत फिरणारी सेविका संध्याकाळी आपल्याच लेकराजवळ येणार, हे त्यांना दिसत होते. तिला पुरेशी साधने दिली आहेत का, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, यवतमाळ, अकोला भागात रुग्ण वाढले, निर्बंध आले आणि पाठोपाठ दुसरी लाट आली. त्या लाटेत दारे उघडी ठेवा असे आम्ही म्हणालो नसतो. पण जून-जुलै २०२१ च्या राष्ट्रीय सेरो सर्वेक्षणात सहा ते नऊ वर्षांच्या ५७.२ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. म्हणजे शाळा बंद असूनही विषाणू मुलांपर्यंत पोहोचलाच होता. त्याच सुमारास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालकांनी शाळा उघडायच्या तर आधी प्राथमिक शाळांचा विचार करावा, असे मत दिले. लहान मुले या विषाणूला अधिक चांगले तोंड देतात, हे त्यांनी दिलेले कारण होते. महाराष्ट्रात पूर्वप्राथमिकसह शाळा उघडण्याची मुभा मिळाली ती २४ जानेवारी २०२२ पासून. दरम्यान बाजार उघडले, सभा भरल्या, निवडणुका झाल्या. सर्वांत लहान आणि सर्वांत गरीब नागरिकाचा नंबर शेवटी लागला.

यावर उपाय नव्हता काय? होता, आणि तो 'अंगणवाडी' या शब्दातच होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा जी मुले बालवाडीपर्यंत येत नव्हती त्यांच्या वस्तीच्या अंगणात त्यांनी बालवाडी नेली. मोकळ्या हवेत हा रोग कमी पसरतो, हे साथीच्या पहिल्या वर्षातच कळले होते. मग आठ-दहा मुलांचे गट करून झाडाखाली, विहाराच्या आवारात, समाजमंदिराच्या ओट्यावर गरम जेवण का दिले गेले नाही? ज्या आईला पाठवायचे नाही, तिच्या दारात शिजवलेले ताट का पोहोचले नाही? पाठवणे आणि न पाठवणे, हे दोन्ही निर्णय सुरक्षित करणे हे शासनाचे काम होते. ते न करता निर्णयाचा सगळा भार आईवर टाकला गेला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना मांडलेले तत्त्व हेच आहे. आईची विश्रांती आणि बाळाचे हित हा तिचा खाजगी मामला नसून राष्ट्राचे हित आहे, म्हणून त्याचा भार प्रामुख्याने सरकारने उचलावा, असे ते म्हणाले. आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात नेले आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. साथीच्या काळात मूल कोणाची जबाबदारी, याचे उत्तर त्यांनी प्राण देऊन दिले आहे.

पुढची साथ कधी येईल सांगता येत नाही. पण ती आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आजच काही गोष्टी मागून घ्याव्या लागतील.

पहिली, अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे धान्य वा जेवण मिळाले नाही तर अन्न सुरक्षा भत्ता मिळण्याचा हक्क आहे. अंगणवाडी बंद राहिली आणि ताट आले नाही, तर लेखी अर्ज करून हा भत्ता मागावा. तोंडी तक्रारीला कार्यालयात किंमत नसते. अर्जाची पोच घ्यावी.

दुसरी, १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सहा वर्षांखालील किमान ४० बालके असलेल्या वस्तीला मागणीनंतर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी असे म्हटले आहे. मुले दूरच्या, गर्दीच्या अंगणवाडीत जाण्यापेक्षा वस्तीतच अंगणवाडी असणे साथीत अधिक सुरक्षित. आपल्या वस्तीतली बालके मोजा आणि मागणी करा.

तिसरी, रोजगार हमीच्या कामावर पाच वा अधिक लहान मुले आयांसोबत येत असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करून तिला मजुरी देण्याची तरतूद मनरेगा कायद्यात केलेली होती. हे तत्त्व पुढेही टिकले पाहिजे, आणि शेतमजूर बायांनाही त्याचा लाभ मिळाला पाहिजे.

चौथी, सेविका आणि मदतनीस यांना साथीत राबवायचे आणि मानधनाच्या वेळी त्या 'स्वयंसेविका' आहेत म्हणायचे, हे थांबले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यांचा उपदानाचा हक्क मान्य केला आहे. मुलाला सांभाळणारे हात सुरक्षित नसतील तर मूल सुरक्षित राहत नाही.

आणि शेवटची गोष्ट ग्रामसभेची. साथ आल्यास अंगणवाडी कोठे भरेल, किती मुलांचा गट असेल, ताट घरी कोण पोहोचवील, दार कधी लावायचे आणि कधी उघडायचे, हे आयांना विचारून आजच ठरावात लिहून ठेवावे. प्रत्येक विहारात एक रविवार या कामासाठी द्यावा. ज्या बाईला २०२० साली कोणी विचारले नाही, तिला त्या बैठकीत आधी बोलू द्यावे.