पडवीतला पट

वाचकहो, लहान मुलांशी खेळणे हा वाटतो तितका पोरखेळ नाही. साठी उलटून गेल्यावर हा धडा मला माझ्या पाच वर्षांच्या नातवाने दिला, आणि तोही ऐन दिवाळीत!

आमचे घर रेवदंड्यास, नारळी-पोफळीच्या वाडीत. सुट्टी लागली की मुलगा, सूनबाई आणि दोघे नातवंडे मुंबईहून बोटीने मांडव्यास उतरतात आणि अलिबागवरून घरी येतात. गेल्या खेपेस थोरल्या नातीने एक भलीमोठी पेटी आणली होती. ती नऊ वर्षांची. शहरे विकत घ्यायची, भाडे वसूल करायचे, खोट्या नोटा मोजायच्या, असा तो 'व्यापार'. फराळ आटोपला की पडवीत चटई पसरून आमची बैठक बसे.

धाकट्याच्या नोटा अर्ध्या तासातच संपत. तो बाद होई आणि पुढचा तास-दीड तास इतरांचा खेळ बघत बसे. तिसऱ्या दिवशी त्याने पटच उधळून दिला. मी दरडावले, "हरल्यावर रडायचं नाही!" त्याने डोळे पुसले आणि हळूच म्हणाला, "आजोबा, मला खेळ येतच नाहीत. मी ढ आहे." दुसऱ्या दिवशी ताईने दोनदा हाका मारल्या, तरी तो झोपाळ्यावरून उठला नाही.

रात्री सूनबाई म्हणाली, "बाबा, चप्पल दोन मापं मोठी घेतली तर पोर अडखळणारच. त्याला रागावून काय होणार?"

खरेच होते. पेटीवर 'आठ वर्षांपुढे' असे छापले होते आणि आम्ही कोणी ते वाचलेही नव्हते! मला वाटले, पाच वर्षांच्या मुलाने स्वतःला 'ढ' ठरवावे यापेक्षा वाईट दिवाळी कोणती?

सकाळी मी माळ्यावरची जुनी सापशिडी काढली. हा खेळ आपलाच. जुन्या 'मोक्षपटा'वर शिड्या म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण असत. परंपरा तर त्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते. पुढे इंग्रजांनी तो आपल्या देशी नेला. या खेळात बुद्धी चालवावी लागत नाही, सगळा कारभार फाशाचा. म्हणूनच पाच वर्षांचा नातू आणि सत्तरीकडे झुकलेला आजोबा तेथे एका पायरीवर येतात. शिवाय आकड्यांची गोडी लागते ती वेगळीच. अमेरिकेतील रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एक ते दहा आकड्यांच्या सरळ पटावर थोडाच वेळ खेळलेल्या लहान मुलांची संख्यांची समज वाढलेली दिसली. मात्र सोंगटी सरकवताना घरातला आकडा मोठ्याने म्हणायचा. सोंगटी २३ वर असेल आणि ३ पडले, तर 'एक, दोन, तीन' नव्हे, 'चोवीस, पंचवीस, सव्वीस'! धाकटा दोन दिवसांत पन्नाशीपर्यंत न अडखळता जाऊ लागला.

पण आता ताई कंटाळली. तिचेही बरोबर होते. ज्या खेळात काही ठरवायचेच नाही, त्यात नऊ वर्षांच्या मुलीचे मन किती रमणार? तेव्हा मी पडवीच्या फरशीवर खडूने पाच-पाच घरांचा चौकोन आखला आणि दोन चिंचोके फोडून चार डाळी केल्या. या खेळाला कुठे चल्लसआठ म्हणतात, कुठे अष्टाचंगा. नाव गावागणिक बदलते. जितक्या डाळी पांढऱ्या पडतील तितकी घरे चालायचे, चारही काळ्या पडल्या की आठ. दान नशिबाचे, पण चार सोंगट्यांपैकी कोणती चालवायची हे आपल्या अकलेचे. पच्चीसीतही हीच गंमत आहे. तिच्यावरूनच बेतलेल्या ल्यूडोचे इंग्लंडात पेटंट घेतले गेले. नशीब आणि अक्कल यांचा असा मेळ असला की लहानग्याला जिंकण्याची आशा राहते आणि मोठ्याला विचाराचे काम.

येथे माझ्या हातून एक चूक झाली. धाकटा हरू लागला म्हणून मी मुद्दामच चुकीची सोंगटी चालवली. तो लगेच म्हणाला, "आजोबा, तुम्ही खोटं खेळलात!" मुलांना लटका विजय कळतो, आणि झोंबतोही. त्यापेक्षा मोठ्याने आरंभीच सर्वांदेखत आपले बळ कमी करून घ्यावे आणि मग मनापासून खेळावे.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही वाघ-बकरी मांडली. महाराष्ट्रातल्या लेण्यांत आणि किल्ल्यांत दगडांवर असे पट कोरलेले आढळतात. तेथे येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्यांवर कितीतरी वेळ घालवला असेल! आमच्याकडे तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या. वाघाने उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी वाघाला कोंडायचे. मी वाघ घेतले, भावंडांना मिळून बकऱ्या दिल्या. पहिला डाव मी जिंकला. दुसऱ्यात ताई बकरी उचलणार, तोच धाकट्याने तिचा हात धरला. "ताई, तिथं नको, मागचं घर रिकामं आहे. आजोबा उडी मारतील." ताईने पाहिले, मान डोलावली आणि बकरी मागे ठेवली. थोड्याच वेळात माझे तिन्ही वाघ कोंडले गेले. मी जराही सूट दिली नव्हती, शपथेवर सांगतो!

तेव्हा मंडळी, यंदा खेळ घ्यायला निघाल तेव्हा पेटीवरचे चित्र पाहून भुलू नका. धाकट्याला त्यातले आकडे मोजता येतील का? डाव वीस मिनिटांत आटोपेल का? पाळी लवकर येईल का? मध्येच कोणी बाद होऊन बसणार नाही ना? आणि मोठ्या भावंडाला डोके चालवायला काही आहे ना? एवढे विचारा. उत्तरे मिळाली तर खडू आणि चिंचोकेही पुरतात.

निघताना धाकट्याने चिंचोक्यांच्या चारही डाळी खिशात घातल्या. मी विचारले, "मुंबईत कोणाबरोबर खेळणार?"

"ताईला शिकवीन," तो ऐटीत म्हणाला. ताई हसली, पण तिने 'मला येतं' असे म्हटले नाही.