सायलेन्सर काढला, तर गाडी पळायची का थांबली?

इंजिनिअरिंगला असताना आम्ही मित्राच्या आरएक्स १०० चा सायलेन्सर काढून सरळ, आखूड पाइप बसवून घेतला. लॉजिक सोपं होतं: धुराला अडथळा कमी, म्हणजे ताकद जास्त. आवाज कॉलेजभर घुमला. पण खंबाटकी घाटात डबलसीट गाडी चढेना, मी उतरून चालत गेलो.

चूक कुठे झाली? टू-स्ट्रोक इंजिनात सिलिंडरच्या भिंतीत छिद्रं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टनच ते उघडतो-झाकतो. धूर बाहेर जात असतानाच पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण आत येतं. एक्झॉस्ट पोर्ट मात्र सगळ्यात शेवटी बंद होतो, त्यामुळे थोडं मिश्रण न जळताच बाहेर सटकतं. ते अडवायचं काम पाइपच्या आकाराचं.

एक्झॉस्ट पोर्ट उघडला की दाबाची लाट पाइपात धावते, गरम वायूत सेकंदाला साधारण ५०० मीटर वेगाने. पाइप रुंद होत जातो तिथून कमी दाबाची लाट परत येते आणि उरलेला धूर ओढून घेते. पुढे पाइप अरुंद होतो तिथून जास्त दाबाची लाट परतते, ती सटकलेलं मिश्रण पुन्हा आत ढकलते.

सगळा खेळ टायमिंगचा आहे. समजा अरुंद भाग १ मीटरवर आहे. जाऊन-येऊन २ मीटर, म्हणजे ४ मिलिसेकंद. ६,००० आरपीएमला एक फेरा १० मिलिसेकंदांचा, तेवढ्यात क्रँक १४४ अंश फिरतो. पोर्ट १७० अंश उघडा राहत असेल, तर लाट अगदी वेळेवर पोचली. ३,००० ला मात्र ती ७२ अंशांवरच येते आणि उलट ताज्या मिश्रणाचीच वाट अडवते. म्हणून अशा गाड्या ठरावीक आरपीएमनंतर एकदम उसळतात.

रेसिंगमध्ये हे तंत्र पक्कं केलं पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीतल्या वाल्टर काडेन यांनी. १९६१ मध्ये त्यांचं १२५ सीसी इंजिन २५ हॉर्सपॉवरच्या आसपास पोचलं होतं. त्याच वर्षी त्यांचा रायडर अर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे पळाला आणि सुझुकीला मिळाला. १९६२ मध्ये तो सुझुकीवर ५० सीसीचा जगज्जेता झाला.

फोर-स्ट्रोकच्या इनटेक पाइपातही लाटा अशाच परततात. लांब पाइप कमी आरपीएमला मदत करतो, आखूड पाइप जास्त आरपीएमला.

आमच्या आखूड पाइपात मिश्रण परत ढकलणारा भागच नव्हता. उघड्या टोकावरून फक्त ओढणारी लाट येत होती. नशीब, जुना सायलेन्सर भंगारात दिला नव्हता. तो परत बसवला आणि गाडी घाट चढली, दोघांना घेऊन.