वर्गापुढील निवेदन : संगणकीय खेळ हा विषय घेताना

विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या विषयावर वर्गापुढे उभे राहून दहा मिनिटे बोलावे, हा उपक्रम इयत्ता ६ वी व ७ वीच्या वर्गांत भाषा-शिक्षणाच्या दृष्टीने मोलाचा आहे. मुलांस विषय निवडण्याची मोकळीक दिली की कोणी तरी मोबाइलवरील अथवा संगणकावरील चढाओढीचा खेळ पुढे करतोच. अशा वेळी शिक्षकाकडून दोन प्रकारची चूक होण्याचा संभव असतो. एक, ‘हा काही अभ्यासाचा विषय नव्हे’ असे म्हणून तो विषय नाकारणे. मग तो मुलगा मार्गदर्शिकेतील एखादा निबंध पाठ करून आणतो व खाली मान घालून म्हणून टाकतो. दुसरी चूक, विषय मान्य करून तयारी मात्र मुलावर सोडून देणे. मग दहा मिनिटे शस्त्रांची व पात्रांची नावे ऐकू येतात, दोन-तीन मुले माना डोलावतात आणि उरलेला वर्ग मुकाट्याने बसून राहतो.

हा मुकाट बसलेला वर्ग कोणाचा असतो याचा विचार झाला पाहिजे. ज्या घरी एकच मोबाइल आहे व तो दिवसभर वडिलांबरोबर शेतावर अथवा कामावर जातो, त्या घरची मुले त्यात असतात. ज्या घरी मोबाइल भावाच्या हाती जातो, बहिणीच्या नाही, त्या घरच्या मुली त्यात असतात. निवेदनाने त्यांस आपण मागे आहोत असे वाटता कामा नये. ज्याने तो खेळ कधीही पाहिला नाही त्यास तो समजला पाहिजे, हीच या निवेदनाची खरी कसोटी होय. जे आपणांस आवडते व इतरांस ठाऊक नाही ते नेमक्या शब्दांत समजावून देणे, याहून उत्तम भाषेचा पाठ कोणता ?

खेळाची निवड

निवडलेल्या खेळात तीन गुण असावेत. त्याचे नियम पाच-सहा वाक्यांत सांगता यावेत. पडदा न दाखवता तो फळ्यावर अथवा पुठ्ठ्याने दाखविता यावा. आणि त्यात हिंसा वा पैशाची पैज नसावी. या तिन्ही दृष्टींनी सोयीचे उदाहरण म्हणजे ‘टेट्रिस’ हा खेळ. पुढील विवेचन त्यास अनुसरून केले आहे. विद्यार्थ्याने दुसरा खेळ निवडल्यास हीच पद्धत त्यास लावावी.

विषयाची माहिती

टेट्रिस हा खेळ अलेक्सी पाझित्नोव्ह यांनी १९८४ साली मॉस्को येथे तयार केला. ते सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करीत. पाच चौकटी जोडून केलेल्या तुकड्यांचे एक कोडे त्यांच्या आवडीचे होते. त्यावरून चार चौकटींच्या तुकड्यांचा खेळ त्यांस सुचला. ग्रीक भाषेत चार या अर्थी असलेले ‘टेट्रा’ आणि त्यांचा आवडता खेळ टेनिस, यांच्या मिलाफातून टेट्रिस हे नाव झाले. ज्या ‘एलेक्ट्रोनिका ६०’ यंत्रावर तो प्रथम चालला त्यास चित्रे काढता येत नसत. म्हणून चौकटी कंसाच्या चिन्हांनी दाखविल्या होत्या. अल्प साधनांतून केवढी गोष्ट उभी राहू शकते, हे मुलांस सांगण्याजोगे आहे. पुढे १९८९ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने आपल्या यंत्रांवर तो आणला व तो जगभर पसरला. मात्र सुरुवातीचे हक्क सोव्हिएत सरकारकडे असल्यामुळे खुद्द निर्मात्यास त्याचे मानधन मिळू लागले ते १९९६ नंतर.

नियम सांगण्याचा क्रम

नियम सांगताना मुले बहुधा मधूनच सुरुवात करतात. क्रम असा ठेवावा : आधी मैदान, मग सोंगट्या, मग हालचाल, मग गुण, शेवटी हार. टेट्रिसचे मैदान म्हणजे १० उभे रकाने व २० आडव्या ओळी. वरून एकेक तुकडा खाली येतो. प्रत्येक तुकड्यात चार चौकटी असतात व त्यांचे आकार सात. खेळणाऱ्याने तुकडा फिरवावा, डावीउजवीकडे सरकवावा व योग्य जागी बसवावा. एखादी आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. रचना वरपर्यंत पोचली की डाव संपतो.

येथे गवंड्याचे उदाहरण उपयोगी पडते. दगडी भिंत रचताना गवंडी हाती आलेला दगड फिरवून पाहतो व सांधा भरून काढतो. फरक इतकाच की गवंड्यास दगड निवडता येतो व थांबता येते. या खेळात दोन्ही करता येत नाही. अशी एक ओळखीची तुलना विद्यार्थ्याने स्वतः शोधावी. शिक्षकाने ती आयती देऊ नये.

गणिताचा भाग

निवेदनास वजन येते ते या भागाने. पुढील चार गोष्टी फळ्यावर करून दाखविता येतात.

१. मैदानात १० × २० = २०० चौकटी आहेत. प्रत्येक तुकड्यात ४ चौकटी, म्हणून पूर्ण मैदानात ५० तुकडे मावतात. एका ओळीत १० चौकटी असल्याने केवळ अखंड तुकड्यांनी एकच ओळ नेमकी भरणे शक्य नाही, कारण १० ला ४ ने निःशेष भाग जात नाही. दोन ओळी मात्र पाच तुकड्यांत भरतात.

२. निन्टेन्डोच्या १९८९ च्या आवृत्तीत पहिल्या पायरीवर एक ओळ घालविल्यास ४० गुण, दोन एकदम घालविल्यास १००, तीन ३०० व चार एकदम घालविल्यास १२०० गुण मिळतात. चार ओळी एकेक करून घालविल्या तर गुण १६० च. एकदम घालविल्या तर त्याच्या साडेसातपट. पण चार एकदम घालविण्यास सरळ, लांब तुकडाच यावा लागतो व तो सात आकारांपैकी एक आहे. तोवर रचना वाढत जाते. धीर धरावा की थोडक्यात समाधान मानावे, हा या खेळातील खरा पेच आहे.

३. या आवृत्तीत पडद्यावरील चित्र सेकंदास सुमारे ६० वेळा बदलते. सर्वांत संथ पायरीवर तुकडा ४८ चित्रांनंतर एक ओळ खाली येतो, म्हणजे २० ओळी उतरण्यास सुमारे १६ सेकंद. २९ व्या पायरीवर तो प्रत्येक चित्रास एक ओळ उतरतो, म्हणजे सुमारे एकतृतीयांश सेकंद. वर्गाने एकदा मोठ्याने १६ अंक मोजावेत, नंतर एकच टाळी वाजवावी. वेगाचा अर्थ सर्वांस कळेल.

४. सातही तुकडे एकेकदा घेतले तर २८ चौकटी होतात. त्यांचा ४ × ७ चा आयत जुळेल काय ? मुलांस प्रथम प्रयत्न करू द्यावा. तो जुळत नाही. कारण पाहण्यासाठी आयत बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे काळ्यापांढऱ्या चौकटींचा करावा. १४ काळ्या व १४ पांढऱ्या होतात. सहा तुकडे कोठेही ठेवले तरी दोन काळ्या व दोन पांढऱ्या चौकटी झाकतात. इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा तुकडा मात्र एका रंगाच्या तीन व दुसऱ्याची एक झाकतो. एकूण १५ व १३ होतात, १४ व १४ कधीच नाहीत. ‘मला जुळविता आले नाही’ आणि ‘हे जुळणे शक्यच नाही’ या दोन विधानांतील अंतर मुलांस येथे प्रत्यक्ष दिसते.

चढाओढीचा इतिहास

हा भाग थोडक्यात असावा. या जुन्या आवृत्तीची जागतिक स्पर्धा २०१० पासून अमेरिकेत भरते. जोनास नॉयबाउअर यांनी ती सात वेळा जिंकली. २०१८ च्या अंतिम सामन्यात १६ वर्षांच्या जोसेफ सेली याने त्यांस हरविले. २९ वी पायरी हा मानवी मर्यादेचा शेवट, असे पुष्कळ वर्षे मानले जाई. पुढे हातातील नियंत्रकाच्या पाठीमागून बोटे एकामागून एक आपटून कळ दाबण्याची युक्ती निघाली व त्या मर्यादेच्या बरेच पुढे जाता येऊ लागले. २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील एका १३ वर्षांच्या मुलाने १५७ वी पायरी गाठली, तेव्हा यंत्रच थबकले.

साधने व पूर्वतयारी

मोबाइल आणू नये. त्याची गरजही नाही. फळ्यावर ५ सेंटीमीटरची एक चौकट धरून मैदान आखावे. ते ५० सेंटीमीटर रुंद व एक मीटर उंच होते. जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे सात तुकडे त्याच मापाने कापावेत. सात चिठ्ठ्यांतून एकेक चिठ्ठी काढून एका विद्यार्थ्याने तुकडा सांगावा, दुसऱ्याने तो ठेवावा व खडूने त्याची आकृती काढावी. हे काम, ज्यांनी खेळ पाहिलेला नाही अशा मुलामुलींकडे द्यावे.

वेळेची वाटणी अशी करता येईल : प्रस्तावना १ मिनिट, नियम ३, गणित ३, इतिहास २, समारोप १, नंतर प्रश्नोत्तरांस ५ मिनिटे. गणिताच्या चार बाबींपैकी या वेळात एकच घ्यावी. उरलेल्या पुढील तासिकांस उपयोगी पडतील. लिहून आणलेले वाचू देऊ नये. हातात पाच ओळींचे टाचण पुरे. एक तालीम अवश्य घ्यावी व ती इयत्ता ४ थीच्या दोन मुलांपुढे घ्यावी. जेथे ती गोंधळतील ती जागा सुधारावी.

अवघड प्रश्न

‘खेळ चांगला की वाईट ?’ हा प्रश्न निघाल्याशिवाय राहणार नाही. त्यास बगल देऊ नये व धाकही घालू नये. वस्तुस्थिती सांगावी. २०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत संगणकीय खेळांस पदके देण्यात आली. त्याच वेळी जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात खेळाच्या अनावर सवयीचा विकार म्हणून समावेश आहे. तिची लक्षणे अशी : खेळावर ताबा न राहणे, इतर गोष्टींहून त्यास अधिक महत्त्व येणे, व हानी दिसत असताही तो चालू ठेवणे. भारतीय संसदेने २०२५ साली संमत केलेल्या कायद्यानेही पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ आणि स्पर्धात्मक क्रीडा यांत स्पष्ट भेद केला आहे. समारोपात विद्यार्थ्याने आपण किती वेळ खेळतो व कोणते काम त्यामुळे मागे पडते हे प्रामाणिकपणे सांगितल्यास उत्तम. परंतु ते वर्गापुढे सांगण्याची सक्ती करू नये.

मूल्यमापन

मूल्यमापन वक्त्याच्या आवेशावरून न करता श्रोत्यांच्या आकलनावरून करावे. निवेदन संपल्यावर, खेळ न पाहिलेल्या एखाद्या मुलीस दोन नियम सांगावयास लावावे. तिला ते सांगता आले तर निवेदन यशस्वी झाले. सांगता आले नाहीत तर दोष तिचा नव्हे. कोणता नियम अस्पष्ट राहिला ते वक्त्यास दाखवून द्यावे व दुसऱ्या दिवशी तेवढाच भाग पुन्हा सांगण्याची संधी द्यावी.