हनुवटीवरचा तो एक केस

मैत्रिणींनो, आरशासमोर उभं राहून हनुवटीवरची पुटकुळी नखाने कोरली नाही, अशी बाई विरळाच! मीही त्यातलीच. धाकट्या नणंदेच्या लग्नाआधी पार्लरमध्ये थ्रेडिंग करून आले आणि चार दिवसांनी हनुवटीवर लालबुंद गाठ. आत काळा केस दिसत होता. घेतली सेफ्टी पिन आणि लागले कोरायला! केस निघाला नाहीच, वर काळा डाग आठ महिने राहिला. लग्नाच्या प्रत्येक फोटोत माझा हात हनुवटीवर आहे.

पुढे त्वचेच्या डॉक्टरांनी समजावलं. दोऱ्याने किंवा प्लकरने ओढताना केस कधी कधी कातडीच्या आतच तुटतो. पुन्हा वाढताना तो वळून आतच घुसतो आणि काट्यासारखा सलतो. म्हणून सूज येते. राठ, कुरळ्या केसांना हे जास्त होतं. आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर कोरलेल्या जागेचा डाग पटकन पडतो, जायला मात्र महिने लागतात.

गेल्या महिन्यात भाची राहायला आली. घरातही ओढणी हनुवटीपर्यंत! "मावशी, आईला सांगू नकोस हं," म्हणत तिने चेहरा दाखवला. तीन-चार गाठी होत्या. मी आधी तिच्या हातातली पिन काढून घेतली.

गाठी बसेपर्यंत थ्रेडिंग, प्लकिंग बंद. मऊ सुती रुमाल कोमट पाण्यात पिळून पाच-दहा मिनिटं शेक, दिवसातून तीन-चार वेळा. चेहरा धुताना त्याच रुमालाने हलकेच गोल चोळायचं, घासायचं नाही. केसाचा वेढा कातडीच्या वर आला, तरच स्पिरिटने पुसलेल्या सुईने तो अलगद उचलून मोकळा करायचा, उपटायचा नाही. लिंबू, चुना, टूथपेस्ट काही लावायचं नाही. 'गोरं करणारी' ट्यूबही नको. अशा कित्येक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, त्याने कातडी पातळ होते आणि चेहऱ्यावर लव उलट वाढते. पू झाला, लाली पसरली किंवा ताप आला, तर मात्र थेट डॉक्टर.

शेक देता देता मी सहज विचारलं, "पाळी वेळेवर येते ना गं?" ती गप्प. मग हळूच म्हणाली, "तीन महिने झाले."

बायांनो, हनुवटीवर राठ केस वाढताहेत आणि पाळीही लांबतेय, तर तो पार्लरचा प्रश्न राहत नाही. त्यामागे पीसीओडी असू शकतो. तिच्या आईला मीच फोन केला. तपासण्या झाल्या, तो पीसीओडीच निघाला. औषधं सुरू झाली, रोजचं चालणंही.

गाठी दोन आठवड्यांत बसल्या. ओढणी आता खांद्यावर असते. तुमच्या घरातली लेक आरशासमोर जरा जास्तच रेंगाळत असेल, तर रागावू नका. जवळ बसवा आणि विचारा.